मधमाशीपालनाची लाकडी पेटी: किट कसं निवडायचं आणि घरी कसं जोडायचं?

ऑनलाइन 'मधपेटी' असं शोधलं की पांढऱ्या रंगाच्या दुमजली पेट्यांचे फोटो समोर येतात. खाली लिहिलेलं असतं, '१० फ्रेम, कम्प्लीट किट, नवशिक्यांसाठी'. पैसे भरले की आठवड्याभरात खोकं घरी येतं. उघडल्यावर आत फळ्यांचा गठ्ठा, पट्ट्यांची मोळी, खिळ्यांची पुडी आणि बहुतेक वेळा अस्पष्ट झेरॉक्सचा एक कागद. आता हे जोडायचं कसं, हा प्रश्न सगळ्यांना तेव्हा पडतो. पण त्याच्या आधीचा प्रश्न फार कमी लोक विचारतात: ही पेटी कुठल्या माशीसाठी आहे?

कारण त्या फोटोतली पेटी युरोपियन माशीसाठी असते. तुमच्या घरामागच्या आंब्याच्या ढोलीत किंवा जुन्या भिंतीच्या पोकळीत राहणारी माशी मात्र वेगळीच असते.

आधी माशी ठरवा, मग पेटी

महाराष्ट्रात सहज दिसणाऱ्या माश्यांपैकी आग्या माशी पेटीत राहत नाही. ती उंच झाडाला, कड्याला किंवा पाण्याच्या टाकीखाली उघड्यावर एकच मोठं पोळं बांधते. फुलोरी माशीचंही तसंच, फक्त पोळं तळहाताएवढं आणि झुडपात. दोघींनाही अंधाऱ्या पोकळीत एकाशेजारी एक पोळी बांधायची सवय नाही. त्यामुळे 'आग्या माशी पेटीत भरली' असा रील दिसला तर पुढे सरका.

पेटीत राहतात त्या दोन. एक सातेरी, म्हणजे आपली देशी माशी. दुसरी युरोपियन माशी, जिला बाजारात 'इटालियन' किंवा 'मेलिफेरा' म्हणतात. ही दुसरी माशी भारतात १९६० च्या दशकात हिमाचल प्रदेशातल्या नगरोटा बगवान इथे यशस्वीपणे रुळली आणि तिथून उत्तर भारतात पसरली. ती आकाराने मोठी, तिची वसाहत मोठी, मधही जास्त. पण तिला भरपूर आणि सलग फुलोरा लागतो. म्हणून व्यावसायिक लोक पेट्या ट्रकवर चढवून मोहरी, सूर्यफूल, ओवा अशा पिकांमागे फिरतात. सातेरी थोडक्यात भागवते, एका जागी राहते, सह्याद्रीच्या हवेला सरावलेली आहे. मात्र ती रुसणारी आहे. पेटी आवडली नाही, मुंग्या लागल्या, मेणकिडा झाला किंवा तुम्ही रोज झाकण उघडून बघत बसलात, तर एखाद्या सकाळी सगळी वसाहत पेटी सोडून निघून जाते.

आता मापाकडे या. युरोपियन माशीच्या लँगस्ट्रॉथ पेटीची चौकट बाहेरून जवळजवळ ४५ सेंटिमीटर लांब आणि २३ सेंटिमीटर उंच असते. सातेरीसाठी दक्षिण भारतात रूढ झालेल्या न्यूटन पेटीची चौकट जेमतेम वीतभर लांबीची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिरुचिरापल्लीकडे काम करणाऱ्या फादर न्यूटन यांनी ती देशी माशीचा आकार बघून बेतली. सातेरीची छोटी वसाहत लँगस्ट्रॉथमध्ये टाकली तर तिची अवस्था वाड्यात एकट्याच राहणाऱ्या म्हातारीसारखी होते. पिल्लांभोवती ३४-३५ अंश तापमान राखायचं, तर एवढी हवा गरम ठेवणं तिला झेपत नाही. कोपरे रिकामे राहतात आणि त्या कोपऱ्यांत मेणकिडा शिरतो.

शिवाय चौकटींमधलं अंतर. युरोपियन माशीच्या पोळ्यांचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर साधारण ३५ मिलिमीटर, सातेरीचं ३१-३२. तीन-चार मिलिमीटरने काय बिघडतं, असं वाटेल. माशीच्या दृष्टीने बरंच बिघडतं. ती मग चौकटीच्या रेषेत पोळं न बांधता तिरकं बांधते, दोन चौकटी एकमेकींना चिकटतात आणि तपासणीसाठी एक उचलायला गेलं की दुसरीचं पोळं फाटतं.

भारतीय मानक ब्यूरोचं मधपेट्यांसाठी वेगळं मानक आहे, आयएस १५१५. त्यात ए आणि बी प्रकार देशी माशीसाठी आहेत, सी प्रकार युरोपियन माशीसाठी. विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न हाच: पेटी कुठल्या प्रकारची? उत्तर 'सगळ्या माश्यांना चालते' असं आलं तर दुकान बदला. तुमच्या तालुक्यात कोणी आधीपासून मधमाश्या पाळत असेल तर त्याच्याच मापाची पेटी घेणं सगळ्यात शहाणपणाचं. उद्या त्याच्याकडून दोन पोळी उसनी घ्यायची वेळ आली तर ती तुमच्या पेटीत बसली पाहिजेत ना!

पेन्सिलीएवढी फट

जोडणीत मिलिमीटरचा एवढा आग्रह का, हे कळायला एका माणसाची आठवण काढावी लागते. लोरेंझो लँगस्ट्रॉथ हे अमेरिकेतले पाद्री. १८५१ साली त्यांच्या लक्षात आलं की माश्या ठरावीक रुंदीची फट मोकळी सोडतात. ती साधारण ६ ते ९ मिलिमीटर असली तर माशी तिला जाण्यायेण्याची वाट समजते आणि त्यात काही बांधत नाही. त्याहून अरुंद असली तर युरोपियन माशी ती झाडाच्या डिंकापासून केलेल्या चिकट राळेने लिंपून टाकते. रुंद असली तर तिथे पोळं बांधते. लँगस्ट्रॉथ यांनी चौकटीच्या चारही बाजूंना ही फट सोडली आणि १८५२ मध्ये सुट्या चौकटींच्या पेटीचं पेटंट घेतलं. पोळं न तोडता बाहेर काढता येऊ लागलं ते यामुळे.

माप घ्यायला महागडं साधन नको. साधी लाकडी पेन्सिल सुमारे सात मिलिमीटर जाड असते. चौकट पेटीत टांगा आणि चौकटीची बाजू व पेटीची भिंत यांच्यामध्ये पेन्सिल सरकवून बघा. पेन्सिल जाते पण करंगळी जात नाही, म्हणजे फट बरोबर. हीच परीक्षा वरच्या कप्प्याच्या चौकटी आणि खालच्या कप्प्याच्या चौकटी यांच्यामधल्या जागेला लावा. स्वस्त किट बहुतेक इथेच नापास होतात.

किटमध्ये काय असावं, लाकूड कसं असावं

खालून वर चढत जाऊ. तळाला तळपाट. त्यावर पिल्लांचा कप्पा, ज्याला सगळे 'ब्रूड' म्हणतात. त्यावर मधाचा कप्पा, म्हणजे 'सुपर'. मग आतलं झाकण आणि सर्वात वर पत्रा ठोकलेलं बाहेरचं झाकण. दोन्ही कप्प्यांत चौकटी आणि चौकटीत बसवायचे मेणपत्रे. मेणपत्रा म्हणजे षटकोनी घरांचे ठसे उठवलेलं मेणाचं पातळ पान. त्या ठशांवर माश्या पोळं ओढतात. सातेरीची घरं लहान असतात, म्हणून पत्रेही सातेरीचेच हवेत. स्टँड, मुंग्यांसाठीच्या वाट्या आणि प्रवेशद्वार लहान करायची पट्टी या गोष्टी 'कम्प्लीट' किटमध्ये हमखास नसतात. धुराडं, जाळीची टोपी आणि चौकट उचकटायची पट्टी असेल तर चांगलंच, पण त्यासाठी पेटीच्या दर्जाशी तडजोड करू नका.

राणी वरच्या कप्प्यात जाऊ नये म्हणून लावायची जाळी पहिल्या वर्षी नसली तरी बिघडत नाही. मध काढायचं यंत्रही एका पेटीसाठी घेऊ नका.

लाकूड मुरलेलं असावं, ही एक अट पाळली तरी निम्मी कटकट वाचते. ओल्या लाकडाची पेटी मार्चमध्ये जोडली तर मे महिन्यात फळी वाकते, सांधे उघडतात आणि जूनमध्ये पाणी आत. सागवान उत्तम, पण महाग. फणस, शिवण, तून चालतात. उत्तरेकडून येणाऱ्या पेट्या बऱ्याचदा पाइनच्या असतात. त्या कोरड्या हवेत टिकतात, कोकणातल्या पावसात मात्र रंगाची नीट काळजी घ्यावी लागते. फळी २० ते २२ मिलिमीटर जाड हवी. उग्र वासाचं लाकूड नको आणि वाळवीचं औषध मारलेलं तर मुळीच नको, कारण जे वाळवीला मारतं ते माशीलाही मारतं. प्लायवूड किंवा एमडीएफची पेटी फोटोत झकास दिसते. पहिल्या पावसाळ्यात तिच्या कडा पावासारख्या फुगतात.

फळ्या हातात आल्या की चौकटीच्या कानाखाली, म्हणजे पट्टीच्या ज्या टोकांवर चौकट पेटीत टांगली जाते तिथे, गाठ आहे का बघा. मधाने भरलेल्या चौकटीचा सगळा भार त्या दोन टोकांवर असतो.

आणि जुनी पेटी स्वस्तात मिळतेय म्हणून घेऊ नका. १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर संपवल्या. असे रोग आणि मेणकिड्याची अंडी जुन्या पोळ्यांतून फिरतात. शिकणाऱ्याला रोगट पोळं ओळखता येत नाही, त्यामुळे सुरुवात कोऱ्या लाकडानेच बरी.

जोडणी: आधी कोरडी, मग डिंकाची

लागणारी हत्यारं घरात किंवा शेजारच्या सुताराकडे असतात: हातोडी, लाकडी मोगरी, गुण्या, टेप, बारीक ड्रिल किंवा गिरमिट, पक्कड. आणि पाण्यात न सुटणारा लाकडाचा डिंक. शाळेतला पांढरा डिंक दमटपणात सुटतो.

पहिल्यांदा सगळं डिंकाशिवाय जोडून बघा. हा अर्धा तास वाया जात नाही. कप्प्याच्या चार फळ्यांमध्ये पुढच्या आणि मागच्या फळीला आतून, वरच्या कडेला खाच असते. त्या खाचेत चौकटीचे कान टेकतात. खाच आत आणि वर, उचलायची खोबण बाहेर. वाचायला हे किती सोपं वाटतं! माझ्या पहिल्या पेटीत एक फळी उलटी बसली आणि उचलायची खोबण पेटीच्या आत गेली. लक्षात आलं तेव्हा डिंक वाळलेला होता. ती पेटी उचलताना आजही एका बाजूला हात घसरतो.

कोरडी जोडणी बरोबर आली की दातेरी सांध्यांना डिंक लावा आणि मोगरीने हळूहळू ठोकत बसवा. खिळे मारायच्या आधी एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप धरा, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांतलं अंतर मोजा. दोन्ही आकडे सारखे आले तर पेटी काटकोनात आहे. फरक असला तर लांब कर्णाच्या बाजूने दाबून सरळ करा. सपाट फरशीवर ठेवून डुगडुगते का तेही बघा. डुगडुगणारा कप्पा खालच्या कप्प्यावर नीट बसत नाही आणि कायमची फट राहते. खिळ्यासाठी आधी बारीक भोक पाडा, विशेषतः खाचेजवळच्या वरच्या दातात. तिथलं लाकूड पातळ असतं आणि थेट खिळा मारला की हमखास चिरतं.

सातेरीच्या पेटीत सांध्यांकडे जास्त लक्ष का द्यायचं, तर सातेरी राळ गोळा करत नाही. युरोपियन माशी तुमची चूक लिंपून घेते. सातेरी ती तशीच ठेवते आणि त्या फटीतून मुंगी व मेणकिड्याचा पतंग आत येतात. म्हणून बारीक फटी बाहेरून मेणाने बुजवून टाका.

आता चौकटी. काम कंटाळवाणं आहे, पण पेटीचं सगळं यश यातच आहे. एका चौकटीत चार तुकडे: वरची पट्टी, दोन बाजूच्या पट्ट्या, खालची पट्टी. बाजूच्या पट्ट्या वर रुंद आणि खाली अरुंद असतात. वरचा रुंद भाग शेजारच्या चौकटीला टेकून अंतर आपोआप राखतो. काही किटमध्ये त्या रुंद भागाची एक कड सपाट आणि दुसरी धारदार असते. तशी असेल तर प्रत्येक चौकटीत एका टोकाला धार तुमच्याकडे आणि दुसऱ्या टोकाला सपाट कड तुमच्याकडे येईल अशी जोडा. मग चौकट कशीही फिरवली तरी शेजारच्या सपाट कडेला धारच टेकते.

सांध्याला डिंक, वरच्या पट्टीतून बाजूच्या पट्टीत दोन खिळे, तसेच खालून दोन. याशिवाय बाजूच्या पट्टीतून वरच्या पट्टीच्या जाडीत एक आडवा खिळा मारा. किटच्या कागदावर हे लिहिलेलं नसतं. भरलेली चौकट उचकटताना वरून मारलेले खिळे सरळ उपसून येतात, आडवा खिळा येत नाही. पोळं खाली आणि पट्टी हातात, असा प्रसंग एकदा पाहिला की हा खिळा कोणी विसरत नाही.

मग तार. बाजूच्या पट्ट्यांतल्या भोकांतून बारीक तार आडवी ओवा आणि ताणा. बोटाने छेडल्यावर टणकन वाजली पाहिजे. मेणपत्रा वरच्या पट्टीच्या खोबणीत बसवून ओल्या फळीवर ठेवा आणि गरम पाण्यात बुडवलेलं दातेरी चाक तारेवरून फिरवा. तार मेणात रुतते. खालच्या पट्टीपाशी थोडी जागा मोकळी सोडा, कारण मेण उन्हाने पसरतं. तार न लावता पत्रा नुसता अडकवला तर एप्रिलच्या दुपारी तो लोळागोळा होऊन खाली येतो. माश्या कधी आणणार हे पक्कं नसेल तर पत्रे आत्ताच बसवू नका. घरात थंड जागी कागदात ठेवा.

सगळ्या चौकटी टांगल्यावर लँगस्ट्रॉथमध्ये बाजूला दोन-अडीच सेंटिमीटर जागा उरते. 'माप चुकलं' म्हणून लोक विक्रेत्याला फोन करतात. चुकलेलं नसतं. चौकटी एकमेकींना चिकटवून मधोमध घ्या आणि उरलेली जागा दोन्ही भिंतींकडे वाटून टाका. ही जागा चौकटी सारून बाहेर काढण्यासाठी असते. समान अंतर दिसावं म्हणून चौकटी पसरवून ठेवल्या तर माश्या मध्ये जादा पोळं बांधतात.

तळपाटाच्या दोन बाजू पाहा. काही तळपाटांना एका बाजूला उंच आणि दुसऱ्या बाजूला बुटकी कड असते. सुरुवातीला बुटकी बाजू वर घ्या. दार अरुंद असलं की उंदीर आत येत नाही आणि छोट्या वसाहतीला गांधीलमाशीपासून दार राखणं सोपं जातं.

रंग, स्टँड आणि जागा

रंग फक्त बाहेरून. आत नाही, दाराच्या आतल्या भागात नाही आणि दोन कप्पे एकमेकांवर टेकतात त्या कडांवरही नाही, कारण रंगवलेल्या कडा उन्हात चिकटतात. पांढरा किंवा कुठलाही फिका रंग चालेल. रंगाऐवजी जवसाचं तेल देणारेही आहेत. त्याचे दोन हात पुरतात, पण तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती स्वतःहून तापून पेट घेऊ शकते. पसरून वाळू द्या. रंग दिलेली पेटी दोन आठवडे हवेशीर जागी ठेवा. झाकण उघडून नाक आत घाला, रंगाचा वास आला तर अजून थांबा. सातेरी वासाला फार नाजूक असते.

स्टँड लोखंडी असला तर उत्तम. चारही पाय पाण्याच्या वाट्यांत, म्हणजे मुंग्या चढणार नाहीत. वाट्यांतलं पाणी उन्हाळ्यात दोन दिवसांत आटतं, हे गृहीत धरा. गवताची एक काडी स्टँडला टेकली तरी मुंग्यांचा पूल तयार होतो, त्यामुळे भोवतालचं गवत काढत राहा. पेटी पुढच्या बाजूला किंचित उतरती ठेवली की पावसाचं पाणी दाराबाहेर वाहून जातं. दार पूर्वेला, सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल असं. दारासमोरून पायवाट, गोठा किंवा मुलांची खेळायची जागा नको. फ्लॅटच्या बाल्कनीत पेटी ठेवायचा विचार असेल तर तो सोडलेला बरा. घरात कोणाला दंशानंतर श्वास लागण्याचा किंवा अंगभर गांधी उठण्याचा त्रास झाला असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, पेटीचं नंतर बघू.

माश्या कधी?

पेटी तयार झाली त्याच संध्याकाळी माश्या येत नाहीत. फुलोरा भरात असताना ढोलीतली वसाहत पेटीत घेतात किंवा जाणत्या पालकाकडून चौकटींसह विकत घेतात. हे काम पहिल्यांदा एकट्याने करू नका. पुण्यात १९६२ साली स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे. दोन्ही ठिकाणी प्रशिक्षण होतं. किट घेण्याआधी तिथे विचारणा केली तर अनुदानाच्या योजनांची माहितीही मिळते आणि तुमच्या भागात कुठली पेटी चालते तेही कळतं. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. जमल्यास तिथे एक चक्कर मारा. चालू पेटी उघडताना पाहिली की हा सगळा लेख पाच मिनिटांत समजेल.

तोपर्यंत रिकामी पेटी ठरलेल्या जागी मांडा, आतल्या भिंतींवर मेणाचा तुकडा घासा आणि वरून बादलीभर पाणी ओता. झाकण उघडून आत हात फिरवा. हात कोरडा राहिला तर पेटी तयार आहे. ओल लागली तर तो सांधा उन्हात वाळवून बुजवा आणि पुन्हा बादली घ्या. माश्या आल्यावर पहिले सात-आठ दिवस झाकण उघडू नका, दारातून परागकण घेऊन येणाऱ्या माश्या दिसतात का एवढंच बघा. दिसू लागल्या की एका शांत, उन्हाच्या सकाळी पहिली चौकट उचला आणि पोळं पट्टीच्या रेषेत आहे का ते तपासा. तिरकं गेलं असेल तर या टप्प्यावर मेण मऊ आणि पोळं लहान असतं, बोटाने हलकेच सरळ करता येतं.